मण्यारीचे पट्टे

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं आयुष्यभर जे काय लिहिलं ते फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं आणि गावं, बाकी काही नाही. आता बोटं आखडतात. ओळ सुरू होते ती पानाच्या उजव्या कडेला जाईतो खाली घसरलेली असते. नातीनं परवा विचारलं, "आजी, काय लिहितेस गं एवढं?" मी म्हटलं, "वाण्याची यादी." ती हसून निघून गेली. माणसांसमोर बोलायचा मला लहानपणापासून संकोच आहे, कागदासमोर त्यातल्या त्यात कमी वाटतो. म्हणून दुपारी सगळे पडले की थोडं लिहिते, थकले की थांबते.

माझं माहेर अकोल्याच्या डोंगरात. भाताची दोन खाचरं, थोडी नाचणी, आणि पावसाळ्यात चार महिने अंगावर घोंगडी. नगरला माझी सरूमावशी होती, आईची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या यजमानांचा, दत्तूकाकांचा, फोटोचा स्टुडिओ होता. घरात एक हात कमी पडतो, यमुनेला पाठवा, असा तिचा निरोप आला आणि वडील मला एसटीनं नगरला आणून सोडून गेले. तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आता गावाचं नाव बदललंय म्हणतात, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय, ते आता सुटायचं नाही.

घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. रस्त्याकडची खोली स्टुडिओची. तिथं रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं, तळ्यात दोन हंस, आणि कुठंच न जाणारा एक जिना. मधली खोली मावशीची, आणि मागं स्वयंपाकघर. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत लाल दिवा लावून काका फोटो धुवायचे. फोटो धुवायच्या त्या औषधाचा, हायपोचा, आंबूस वास सगळ्या घराला होता. भाकरीलाही तो यायचा, मग काही दिवसांनी यायचा बंद झाला, म्हणजे मला तो कळेनासा झाला. शेजारी पिठाची गिरणी. तिचा पट्टा दिवसभर फटफट वाजायचा, आणि तो थांबला की सगळ्यांना एकदम दमल्यासारखं व्हायचं.

ते दुष्काळाचं साल होतं. लोक दुष्काळाबद्दल सांगतात तेव्हा खाण्याचं सांगतात, आणि ते खरंच आहे, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरी आम्हीही खाल्ल्या. गिळताना घशाला खरवडत जायच्या. मावशी त्यांच्याबरोबर हुलग्याची शेंगोळी करायची, रस्सा पातळ, लसूण मात्र भरपूर, म्हणून ते दिवस निघाले. पण मला आठवतं ते पाणी. फोटो धुवायला पाणी लागतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. कागद नीट धुतला नाही तर फोटो वर्षभरात पिवळा पडतो. गिऱ्हाइकाचा फोटो पिवळा पडू द्यायचा नाही, हा काकांचा नेम, आणि पाणी आणायची मी. टँकर यायचा त्या चौकातून घरापर्यंत हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर. आज मान दुखते ती तेव्हापासूनच, असं मी डॉक्टरांना सांगते, ते ऐकून घेतात आणि गोळी लिहून देतात.

मावशीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा खड्ड्यांचा राहिला. ती रस्त्याकडच्या खोलीत कधी येत नसे. गिऱ्हाइकांना ती पडद्यामागची एक बाई म्हणूनच माहीत होती. काका म्हणायचे, "आतल्या बाईंकडून होऊन येईल, परवा या." आणि लोक त्या आतल्या बाईच्या हाताच्या भरवशावरच यायचे. मधल्या खोलीत खिडकीशी एक तिरपं मेज होतं, मधोमध काच, काचेखाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. तिथं पेन्सिल लागली की फोटोत ती जागा उजळ होते. असं करत मावशी लोकांचे वण भरायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, मुरुम पुसायची. दाखवायला काढलेल्या मुलींचे फोटो तर सगळे तिच्याकडंच. एकदा एका मुलीची आई फोटो बघून म्हणाली, "अगंबाई, ही तर माझ्यापेक्षा गोरी झाली!" काका म्हणाले, "घरी जाऊन बघा, तुम्हीही झाला असाल." पडद्यामागं मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.

स्टुडिओची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. फोटो काढला की त्याचं आधी कच्चं प्रूफ काढायचं. गिऱ्हाइकानं ते बघायचं, डोळे मिटलेत का, मान वाकडी आहे का, आणि पसंत म्हणायचं. मग निगेटिव्ह मावशीकडं जायची, ती हात फिरवायची, आणि त्यावरून पक्के फोटो निघायचे. पक्का फोटो कच्च्याशी कुणी ताडून बघत नसे. तो कच्च्यापेक्षा चांगलाच असायचा, मग बघायचं काय?

थंडीच्या सुरुवातीला बर्वे सर आले. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, उंच, किडकिडीत, सायकलची क्लिप पायजम्याला तशीच राहिलेली. त्यांना सापांचे फोटो हवे होते. दुष्काळी कामावर हजारो माणसं खडी फोडत होती, माळावर पालं ठोकून उघड्यावर निजत होती, आणि साप चावल्याच्या गोष्टी रोज कानावर येत होत्या. सरांना एक मोठा तक्ता छापून कामाकामावर लावायचा होता. पैसे त्यांनी पदरचे घातले होते.

"चित्रं नकोत मला, दत्तोबा," ते म्हणाले. "चित्रातला साप कुणी ओळखत नाही. खरे फोटो पाहिजेत. आता मण्यार बघा. ती विषारी. आणि कवड्या म्हणून एक साप आहे, थेट तिच्यासारखा, पण अगदी निरुपद्रवी. मारलेली मण्यार कुणी कवड्या समजला, तर चावलेला माणूस घरी जाऊन निजतो. आणि उठत नाही."

काकांनी आयुष्यभर लग्नाचे आणि मयताचे फोटो काढले होते. तक्त्याखाली त्यांचं नाव छापलं जाणार होतं. त्या दिवशी ते जेवताना दोनदा म्हणाले, "शाळाशाळांतून लागेल हो तक्ता. आपलं नाव राहील." मावशी म्हणाली, "दिवेलागण झालीय. त्या लांबड्याचं नाव नका काढू आता." आमच्या डोंगरातही साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, आणि चावला तर पान लागलं म्हणतात. मावशीनं सापाची जात कधी नीट पाहिलीच नव्हती. नागपंचमीला भिंतीवर काढायची तेवढाच तिचा साप, नऊ फण्यांचा, आणि अंगभर सारख्या अंतरावर ठिपके.

गावाबाहेरच्या बागेत तेव्हा एक लहानसं प्राणिसंग्रहालय होतं. दोन हरणं, माकडं, एक साळिंदर, आणि एक म्हातारा बिबट्या, तो माणसासारखा खोकायचा. सापांसाठी पत्र्याची एक खोली होती, तिच्यात काच लावलेल्या लाकडी पेट्या. काकांचा मोठा कॅमेरा, तीन पायांचा घोडा, काळं कापड आणि मावशीच्या जुन्या पातळाचा पांढरा तुकडा असं सगळं टांग्यात घालून आम्ही गेलो. माझ्या मांडीवर स्टुडिओतला आरसा होता, ज्यात गिऱ्हाइकं केस विंचरायची. माझं काम आरसा धरायचं. खोलीत उजेड नव्हता, म्हणून साप अंगणात पांढऱ्या कापडावर आणायचा, आणि सावली पडेल तिथं मी आरशातून ऊन टाकायचं. मला ते काम आवडलं. आरसा धरला की लोक आरशाकडं बघतात, धरणारीकडं बघत नाहीत.

सापांची देखभाल करणारा लहानू म्हणून एक माणूस होता, पान खाऊन ओठ लाल, बोलायला मोकळा. मी आरशामागं अंग चोरून उभी राहिले तर म्हणाला, "भ्या नको पोरी. दिसाची ही झोपंतच असती. लई गरीब. रातच्याला मातुर तिच्या नादी लागू नको."

त्यानं काठीनं मण्यार कापडावर घेतली. ती खरंच सुस्त होती, सारखी डोकं वेटोळ्याखाली घालायची, लहानू काठीनं ते हळूच बाहेर काढायचा. तारेच्या कुंपणापलीकडं बघ्यांची गर्दी जमली. "मास्तर, जोडीचा काढा की!" "अहो, तिला हसायला सांगा जरा!" काका काळ्या कापडात शिरले, आणि सवयीनं गिऱ्हाइकाला सांगतात तसं आतूनच म्हणाले, "हं, हलायचं नाही. श्वास रोखा." लहानू हसून हसून खाली बसला. "ऐकती व्हय ती तुमचं? माझी बायकू ऐकंना, अन् ही ऐकंल!"

पण ती हलली नाही. काकांनी मलाही एकदा कापडाखाली घेतलं. आत अंधार, कापडाला त्यांच्या तंबाखूचा वास, आणि समोर दुधी काचेवर ती उलटी, पोट आभाळाकडं असल्यासारखी, जिभेची हालचालसुद्धा दिसत होती. मला वाटलं होतं भीती वाटेल, पण फक्त दमल्यासारखं वाटलं, सकाळपासून हात वर धरून बावखंडं भरून आली होती. काका म्हणाले, "यमे, ऊन तिच्या अंगावर, डोळ्यावर नको. तिला मिटता येत नाहीत डोळे." असे आम्ही बरेच दिवस गेलो. नाग, घोणस, फुरसं, धामण, कवड्या. नागानं एकदा आरशावरच फणा मारला. मी आरसा टाकला नाही, एवढंच माझं त्या दिवसांतलं शौर्य.

सरांनी कच्ची प्रूफं पाहिली, भिंग लावून एकेक, आणि इतके खूश झाले की काकांच्या खांद्यावर थाप मारली. "पसंत! अगदी पसंत!" मग ते तक्त्याचा मजकूर लिहायला गेले, आणि निगेटिव्ह रीतीप्रमाणं मावशीकडं गेल्या. काकांनी 'हात लाव' म्हटलं नाही, 'लावू नको'ही म्हटलं नाही. तसं कधीच म्हणत नसत. मावशीनं त्या सापांना माणसांसारखंच घेतलं. कापडावरच्या घड्या घालवल्या, काठीची सावली पुसली. मण्यारीच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. फोटोत शेपटीकडं ते ठळक होते, आणि मानेकडं येता येता विरत जाऊन पुढं अंग नुसतंच काळं होतं. कवड्याचे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं विरलेले. मावशी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आरसा हलला वाटतं गं तुझा." मी म्हटलं, नाही हलला. "मग ऊन कमी पडलं असेल." आणि तिनं पेन्सिलीचं टोक काढलं. निगेटिव्हमध्ये काळ्या रेघा ओढायला तिला कितीसं कठीण? मानेपर्यंत एकेक पट्टा, शेपटीकडून येणाऱ्याच्या मापाचा, इतका नेमका की आधी तिथं काही नव्हतं हे कुणाला खरं वाटू नये. कवड्याचेही तसेच, शेपटीच्या टोकापर्यंत. मी बाजूला बसून बघत होते आणि मला ते फार सुरेख वाटत होतं.

माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये आता हे आपोआप होतं. परवा तिनं माझा फोटो काढला, तर माझ्या हनुवटीवरचा तीळ गेला होता, सुरकुत्याही निम्म्या. ती म्हणाली, "बघ किती छान आलीस." मी म्हटलं, "बाई, ही कोण?"

तक्ते छापले, कामाकामावर लागले. काकांनी एक स्टुडिओत लावला, खाली त्यांचं नाव. येणारं गिऱ्हाईक आधी सापच बघायचं. संक्रांतीनंतर एके सकाळी सर आले ते सायकल भिंतीला न टेकवता तशीच रस्त्यावर आडवी टाकून. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले आणि दोन फोटोंखालची नावं त्यांनी दोन्ही तळहातांनी झाकली.

"दत्तोबा, यातली मण्यार कुठली?"

काका हसले. मग त्यांनी चष्मा लावला. "ही... नाही, थांबा. ही डावीकडची."

"नक्की?"

काका जवळ गेले. एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. गिरणीचा पट्टा वाजत होता.

"तिथल्या कंपाउंडरलाही सांगता आलं नाही," सर म्हणाले. शेवगावकडच्या एका कामावर एका बाईला पालात झोपेत पान लागलं होतं. नवऱ्यानं साप मारून दवाखान्यात आणला. कंपाउंडरनं तो तक्त्याशी धरला. दोन्ही फोटो सारखेच. मजकुरात लिहिलं होतं की मण्यारीच्या मानेकडं पट्टे नसतात, पण फोटोत तर होते, आणि माणूस लिहिलेल्यावर नाही, फोटोवर विश्वास ठेवतो. मेलेल्या सापाच्या मानेकडं पट्टे नव्हते. कुणी म्हणालं हा तिसराच आहे, कुणी म्हणालं कवड्या, तिला निजू द्या. बाई म्हणत होती, मला काही होत नाही, फक्त पापण्या जड झाल्यात.

"आणि?" काकांनी विचारलं.

"खडीचा ट्रक निघत होता. नवऱ्यानं कुणाचं न ऐकता तिला त्यात घातलं. सिव्हिलमध्ये आहे. श्वास चालू आहे, एवढंच आज सांगतात."

काकांनी खोक्यातून कच्ची प्रूफं काढली. सरांनी ती तक्त्याशेजारी धरली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे पट्टे कुणी काढले?"

"माझ्या हातून..." काका म्हणाले.

तेवढ्यात पडद्याच्या कड्या वाजल्या. मावशी बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता, हातात पेन्सिल तशीच होती. मी त्या घरात आल्यापासून तिला त्या खोलीत दिवसाउजेडी पहिल्यांदा पाहत होते. "ते मी काढले," ती म्हणाली. "त्यांना ठाऊक नाही."

सरांनी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. ते क्षणभर बघत राहिले, मग नजर तक्त्याकडं वळवली. "वहिनी, पण का?"

"अर्धेच होते. मला वाटलं फोटो नीट आला नाही. म्हणून पुरे केले."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले, पडद्यावरच्या हंसांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "चूक माझीही आहे. पक्के फोटो मी पाहिलेच नाहीत. पसंत म्हटलं आणि गेलो."

मावशीनं एवढंच विचारलं, "नाव काय त्या बाईचं?" सरांना ते माहीत नव्हतं.

सरांनी दोनच दिवसांत सगळे तक्ते कामांवरून उतरवून आणले. मावशीनं चूल पेटवली, भाकरी केल्या, आम्हाला वाढलं, स्वतः जेवली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला की बाई शुद्धीवर आली, पेज मागितली. मावशी भिंतीला टेकून खाली बसली. मग उठून म्हणाली, "यमे, चप्पल घाल. मला ते जनावर बघायचंय."

आम्ही पायीच गेलो. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता, आणि रस्ताभर माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की वळ उठले. लहानूनं मला ओळखलं. "आज आरसा न्हाई आनला?" मी मण्यार दाखवा म्हटलं, तर तो म्हणाला, "ती फोटूवाली व्हय? ती मेली की. ही नवी हाय, परवाच सापाडली. पर सगळ्या सारख्याच असत्यात, बघा."

मावशी काचेशी गेली. बघताना पदर डोक्यावरून कधी घसरला तिला कळलं नाही. शेजारी एक बाई पोराला घेऊन उभी होती, ती सापाऐवजी मावशीकडंच बघायला लागली, पोरानंही बोट दाखवलं. मावशी हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, बिबट्या मधूनमधून खोकत होता. शेवटी ती हळूच म्हणाली, "मानेकडं खरंच नुसती काळी आहे गं." आणि परत येताना तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. मला वाटतं तिच्या लक्षातच राहिलं नाही, ती फार दमली होती.

निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइननं निघते. घरी आल्याबरोबर मावशीनं कापसाचा बोळा भिजवला आणि स्वतःचं काम स्वतः पुसलं. चुकीचे तक्ते सरांनी जाळले. आमच्या भिंतीवरचा मात्र मावशीनं काढू दिला नाही. तो तिनं आत आणून मेजाशेजारी टांगला. नवे तक्ते छापायला सरांनी कॉलेजात वर्गणी केली. पण पहिल्या छपाईचे सातशे रुपये त्यांच्या पदरचे गेले होते, ते गेलेच. सर म्हणाले, "त्याचं नाव काढू नका." काका म्हणाले, "सातशे आणायचे कुठून गं? वर्षाची कमाई नाही एवढी." मावशी म्हणाली, "बोटं आहेत ना."

पण बोटं चालेनात. ती मेजाशी बसायची, एखाद्या नवऱ्या मुलीचा चेहरा काचेवर असायचा, आणि पेन्सिल वरच थांबायची. "हा वण आहे का तिचा खरा? की कागदाचा डाग?" ती मला विचारायची. मला काय ठाऊक? मुलगी कुठंतरी राहुरीकडची. मग ती माझ्या हाती पेन्सिल द्यायची आणि शेजारी बसून सांगायची, इथं दे, तिथं राहू दे. असं मी ते काम शिकले. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "आतल्या बाईंचं पूर्वीसारखं राहिलं नाही." मावशी फोटोंना रंग भरायला लागली, काडीला कापूस गुंडाळून ओठ गुलाबी, पातळ हिरवं, दागिने पिवळे. त्यात कुणाचा जीव जात नाही, म्हणायची. रंगाचे पैसे वेगळे ठेवले जायचे. दिवाळीला नवं लुगडं नाही, पुरणात गूळ कमी, काकांची तंबाखू बंद. मला आठवतं ते असं की घरात कुणी भांडलं नाही, पण कुणी फारसं हसलंही नाही, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. पाऊस आला, टँकर बंद झाले, लोक दुष्काळ विसरले, तरी आमच्या घरी मिलोची चव बरीच वर्षं होती.

पैसे जमले की फोटोच्या पाकिटात घालून मी सरांच्या घरी द्यायची. पाकिटावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'बर्वे सर'. दाराच्या फटीतून पाकीट सरकवायचं आणि पळायचं. त्यांच्या बाई मागून ओरडायच्या, "अगं ए पोरी, पाणी तरी पी!" मी कधी थांबले नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी शेवटचे पैसे जमले. मी पाकीट भरायला घेतलं तर मावशी म्हणाली, "थांब, मी येते." तिनं धुवट पातळ नेसलं, केस विंचरले, त्याच आरशात. आम्ही गेलो तेव्हा सर ओसरीवर पेपर वाचत बसले होते, आता निवृत्त झाले होते, सायकल कोपऱ्यात धूळ खात होती. बाईंनी गूळ-पाणी आणलं. मावशीनं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे शेवटचे," ती म्हणाली.

सरांनी पाकीट उचललं आणि न उघडताच पेपरखाली सारलं. "बरं झालं. आता विसरा ते सगळं."

"मोजा," मावशी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही दिलेत म्हणजे बरोबरच असणार."

"मोजा, सर. पक्के फोटो न बघताच पसंत म्हटलंत, म्हणून तर झालं ते."

सरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पाकिटातून नोटा काढून ओसरीवर एकेक उलटून ठेवल्या, दोन्ही बाजू बघत, बोट ओलं करून, शाळेतलं पोर मोजतं तसं. वारा होता, म्हणून बाईंनी तांब्या ठेवला नोटांवर. मावशी उन्हात तशीच उभी होती, चेहरा उघडा, आणि सरांच्या बोटांवरची नजर तिनं हलवली नाही.

"पुरे आहेत," सर म्हणाले. "सगळे आले."

मावशीनं मान हलवली. गुळाचा खडा तिनं तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, "चल गं. भाकरी टाकायच्यात अजून."